नॅरोबोटीने लँगोलेनला : लॉक, जलसेतू आणि बाबांचं पाणी

यावेळी उन्हाळ्यात सासू-सासरे बारामतीहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले होते. लंडन, स्कॉटलंड वगैरे त्यांचं मागच्या वेळी झालेलं, म्हणून म्हटलं की यंदा गाडीतून पळापळ नको, एक नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबट-अरुंद राहायची बोट, भाड्याने घेऊ आणि निवांत कालव्यातून जाऊ. बाबा म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, अख्खी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर बारामती-इंदापूर भागात गेली. कालव्यातून बोटीने फिरायचं म्हटल्यावर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग विचारलं, "कालव्याला पाणी कुठून येतं?" तेव्हाच मला कळलं की ही ट्रिप जमणार.

लँगोलेन कॅनॉल घेतला. चेशायरमधल्या हर्ल्स्टनपासून वेल्सपर्यंत जातो, एकूण ४६ मैल आणि २१ लॉक्स (बोट वर-खाली घेणारे दारांचे हौद). आम्ही मधूनच रेनबरी गावातून चढलो, तिथून लँगोलेन साठेक किलोमीटर आहे आणि जाताना १२ लॉक्स लागतात, येताना परत तीच. गाडीने तासाभराचा रस्ता, पण बोटीला मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे चालण्यापेक्षा थोडं जास्त.

शनिवार

दुपारी बोट ताब्यात मिळते. ६० फूट लांब आणि जेमतेम ६ फूट १० इंच रुंद, कारण इकडचे अरुंद लॉक्स ७ फुटाचेच आहेत. आत सरळ एका रांगेत सगळं, आधी बसायची जागा, मग ओटा-गॅस-फ्रीज, मग संडास-बाथरूम, मग झोपायच्या खोल्या. आई आधी ओट्यापाशी गेल्या, चारी बर्नर पेटवून बघितले आणि म्हणाल्या, भागेल. एक सांगते, मिक्सर वगैरे विसरा, वीज बॅटरीवर असते, म्हणून चटण्या घरूनच करून न्या. आम्ही भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी आणि पिठलं-भाकरीचं सामान नेलं होतं, त्यामुळे जेवणाचे हाल अजिबात झाले नाहीत.

बोटवाल्याचा माणूस तासभर सगळं समजावतो. इंजिन, पाण्याची टाकी भरायची कशी, बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात काही अडकलं तर मागची झडप उघडून कसं काढायचं (इंजिन बंद करून, किल्ली काढूनच!), आणि टिलर. टिलर म्हणजे मागचा तो लांब दांडा, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. आणि बोट मधून वळते, म्हणजे पुढचं टोक वळायला लागलं की मागचा भाग उलट्या बाजूला जातो, हे डोक्यात बसायला वेळ लागतो पण बसलं की बसलं. समोरून बोट आली तर आपण उजवीकडून जायचं, रस्त्यावर डावीकडून चालवणाऱ्या देशात हे नवऱ्याला पहिल्या दिवशी सारखं स्वतःला सांगावं लागत होतं.

तिथेच गावातला उचलपूल आहे. आम्ही थांबलो होतो तेव्हा एका बोटीतली आजीबाई उतरल्या, खांबावरच्या पेटीत किल्ली घातली, रस्त्याचे अडथळे खाली आले, गाड्या थांबल्या आणि अख्खा पूल वर. बोट गेली, पूल खाली, आजी परत बोटीत. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "त्या कोण? स्टाफ?" मी म्हटलं नाही बाबा, आपल्यासारख्याच फिरायला आलेल्या. ते त्यांना पटलंच नाही. संध्याकाळी मारबरी लॉकच्या अलीकडे काठाला मेखा ठोकून बोट बांधली, तोपर्यंत तीनदा तोच विषय निघाला.

रविवार

आज दहा लॉक्स. मारबरी, क्वॉइझ्ली, विलीमूर, पोव्हीज, आणि मग ग्रिंडली ब्रुकचे सहा.

आता लॉक म्हणजे काय ते नीट सांगते कारण मला स्वतःला हाताने केल्याशिवाय ते समजलं नव्हतं. कालवा सपाट असतो, पण जमीन चढते, मग मध्ये एक दगडी हौद बांधलेला, दोन्ही टोकांना दारं. वर जायचंय तर हौद रिकामा हवा. बोट आत घ्यायची, खालची दारं बंद करायची, मग वरच्या बाजूची झडप, तिला पॅडल म्हणतात, ती उघडायची. त्यासाठी विंडलास नावाचं एल आकाराचं लोखंडी हँडल असतं, ते खुंटाला लावून फिरवायचं, दात्यांची पट्टी कटकट करत वर येते आणि खालून पाणी घुसायला लागतं. पाच-सात मिनिटांत बोट आपोआप वर. दोन्हीकडचं पाणी एका लेव्हलला आलं की मगच दार हलतं, त्याआधी चार पैलवान लावले तरी हलणार नाही, आणि लेव्हल आली की लाकडी तुळईला पाठ लावून माझ्या लेकीने एकटीने ढकललं. पंप नाही, मोटर नाही, काही नाही. नुसता पाण्याचा उतार वापरून पंधरा-वीस टनाची बोट वर जाते.

बाबा पहिल्या लॉकला नुसते बघत होते. दुसऱ्या लॉकला त्यांनी विंडलास हातात घेतला. तिसऱ्यापासून आम्हाला कुणाला मिळालाच नाही :)

या कालव्याला वाहतं पाणी आहे, बाकीच्या इंग्लिश कालव्यांसारखं साचलेलं नाही. त्यामुळे प्रत्येक लॉकच्या शेजारून जास्तीचं पाणी सोडायला वेगळी चारी काढलेली असते आणि ती लॉकच्या खालच्या तोंडापाशी आडवी येऊन मिळते. बोट लॉकमध्ये शिरताना तो लोट तिला बाजूला ढकलतो. बाबांनी ते लांबूनच ओळखलं आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, पाणी डावीकडून येतंय, थोडा जोर ठेव!" बोट सरळ आत.

ग्रिंडली ब्रुकला आधी सुटे तीन लॉक्स आणि मग तीन एकमेकांना चिकटलेले, जिना असतो तसे, एकाचं वरचं दार तेच दुसऱ्याचं खालचं दार. इथे चढताना खालचा हौद रिकामा आणि वरचे दोन भरलेले असावे लागतात, मग मधला हौद खालच्यात सोडायचा, बोट वर येते, पुढे सरकायचं, मग सगळ्यात वरचा मधल्यात. क्रम चुकला तर पाणी काठावरून जातं नाहीतर बोट तळाला टेकते, म्हणून सीझनमध्ये इथे लॉककीपर असतात. आमच्या वेळी एक साठीच्या पुढच्या बाई होत्या, व्हॉलंटियर. आमच्यापुढे रांग होती, सुट्टीत इथे रांग असतेच, दीड तास गेला पण त्या दीड तासात बाबा आणि त्या बाई हौदाच्या काठावर उभं राहून जे बोलले ना! बाबांचं इंग्लिश कामापुरतं, पण डिस्चार्ज, सीपेज, गेट लीकेज हे शब्द तर त्यांच्या रोजच्या वापरातले. बाईंनी सांगितलं की हे सगळं कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, २०१२ मध्ये सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून या धर्मादाय संस्थेकडे आलं, दोन हजार मैलांचे कालवे आणि नद्या, आणि इतके हजारो लोक फुकट काम करतात म्हणून चालतं.

रात्री व्हिटचर्चच्या पुढे थांबलो. जेवताना बाबा म्हणाले की आमच्याकडे आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुरू असलं की रात्री गेटवर माणूस बसवावा लागायचा, साखळी-कुलूप, तरी सकाळी पाटकरी सांगायचा की कुणीतरी गेट उचललं. यात ते लोकांना दोष देत नव्हते. म्हणाले शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नसेल तर तो काय करणार, तिथे पाणी म्हणजे पीक आहे, इथे पाणी म्हणजे रस्ता, एकाने वापरून ते संपत नाही, खालच्याकडे जातंच. पण दोनशे वर्षांचं बांधकाम कुणीही यावं आणि हाताने चालवावं, आणि ते टिकावं, हे मला अजून पचत नाहीये, असं म्हणाले.

सोमवार

पाऊस. मागे उघड्यावर उभं राहून चालवायचं म्हणजे रेनकोट, टोपी सगळं, पण कुणाची तक्रार नाही कारण आतून दर अर्ध्या तासाने चहा येत होता. सकाळी हाताने उचलायचे पूल लागले, तिथेही तोच विंडलास लावून फिरवायचा. त्यातले काही नुसते शेतात जाणारे आहेत.

व्हिक्सल मॉस हा आजचा सगळ्यात भारी भाग, आणि खरंतर दिसायला काहीच नाही, सरळ रेषेत कालवा आणि दोन्हीकडे सपाट दलदल. पण ही जमीन म्हणजे पीट, कुजलेल्या शेवाळाचे हजारो वर्षांचे थर, स्पंजासारखी. तिच्यावर कालव्याचा भराव घातला की तो खचायचा. म्हणून कालवा बांधणाऱ्या कंपनीने १८०४ पासून मजुरांची एक टोळी इथे कायमची ठेवली, त्यांचं काम एकच, माती आणायची आणि काठ उंच करायचे, खचले की परत. हे १९६० च्या दशकापर्यंत चाललं, मग लोखंडी पत्रे ठोकून काठ पक्के केले. बाबा पावसात बाहेर येऊन उभे राहिले. काळ्या मातीत कालवा टिकवणं काय असतं ते त्यांना माहीत आहे, भेगा पडतात, पाऊस आला की फुगते, अस्तर उखडतं. म्हणाले, "दीडशे वर्षं एकाच जागी माती टाकत राहिले, त्यांची नावं कुठे लिहिलीयेत का?" मला माहीत नव्हतं.

मग झाडी सुरू झाली, ब्लेक मिअरचं तळं कालव्याला अगदी चिकटून आहे, मध्ये फक्त वाटेपुरती जमीन. छोटा बोगदा, आणि एल्स्मिअर. इथे कालव्याचा एक छोटा फाटा गावात जातो आणि त्याच्या टोकाला चक्क टेस्को. दूध, कांदे, ब्रेड. कंपनीचं जुनं ऑफिस आणि दुरुस्तीचं यार्डही याच गावात आहे. १७९३ मध्ये मंजुरी मिळालेल्या या कंपनीचा मूळ बेत मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायचा होता. पैसे आणि उत्साह दोन्ही संपले आणि मुख्य मार्गाचा मधला तुकडा झालाच नाही. म्हणजे उद्या-परवा आपण जे बघणार ते सगळं एका अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचं आहे, हे ऐकून बाबांना एकदम घरच्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी मग रात्री अर्धवट राहिलेल्या कालव्यांची यादीच सांगितली.

मंगळवार

ऊन. फ्रँकटन जंक्शनला डावीकडे माँटगोमेरी कॅनॉल फुटतो, आम्ही सरळ. न्यू मार्टनचे दोन लॉक्स आले, रांग होती, आणि हे शेवटचे, इथून पुढे लँगोलेनपर्यंत एकही लॉक नाही. समोरून खाली येणाऱ्या बोटीसाठी आम्ही दार उघडून ठेवलं, त्यांनी आमच्यासाठी, असं एक वर एक खाली घेतलं की एका हौदभर पाण्यात दोन बोटींचं काम होतं. हे कुणी सांगावं लागत नाही. लेकीची तिथे एका कुत्र्याशी मैत्री झाली आणि ती निघायलाच तयार होईना.

दुपारनंतर चर्क. आधी जलसेतू, म्हणजे कालवाच वरून नेणारा पूल, ७० फूट उंच, खाली केरिऑग नदी, आणि शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल जो नंतर १८४८ मध्ये आला आणि कालव्याचा धंदा घेऊन गेला. दोन्ही एकमेकांना लागून उभे आहेत. नदीच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स, आणि उतरल्या-उतरल्या ४२० मीटरचा बोगदा. बोगद्यात एकच बोट मावते, म्हणून पलीकडून दिवा दिसत नाहीये ना हे बघून शिरायचं. पाणी समोरून येत असतं आणि बोगदा अरुंद, त्यामुळे बोट इतकी हळू जाते की लेक आणि आई आतल्या कठड्याच्या वाटेने टॉर्च घेऊन चालत आमच्या आधी बाहेर पोचल्या.

बुधवार

पॉन्टकसल्टे जलसेतू. ज्याच्यासाठी लोक जगभरातून येतात.

सकाळी फ्रॉनकसल्टेला थांबून आधी सगळे चालत जाऊन बघून आलो. डी नदीचं खोरं, त्यावर १८ दगडी खांब, वर बिडाची लांबलचक पन्हळ, ३०७ मीटर लांब आणि नदीपासून ३८ मीटर उंच. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलं, १८०५ मध्ये सुरू झालं, २००९ पासून जागतिक वारसा. एवढ्या उंचीवर दगडी हौद बांधला असता तर त्याच्या वजनानेच खांब जाड करावे लागले असते, म्हणून बीड. खांब वरच्या भागात आतून पोकळ आहेत. चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं असं सांगतात. चालायची वाटसुद्धा पाण्याच्या वर काढलेली आहे, वाटेखालूनही पाणी जातं, कारण पन्हळ अगदी बोटीएवढीच ठेवली असती तर पुढचं पाणी मागे जायला जागा मिळाली नसती आणि बोट अडली असती. ही गोष्ट बाबांनी वाकून बघून स्वतः शोधली, बोर्डावर वाचून नाही.

मग बोट घेतली. वाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हळीची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, आणि बोटीत उभं राहिलं की ती कड दिसतच नाही, थेट झाडांचे शेंडे आणि खाली नदी. आई पुढच्या बाजूला बसल्या होत्या, त्यांनी अथर्वशीर्ष सुरू केलं आणि ते संपलं तरी पूल संपला नव्हता. मी त्या उघड्या बाजूच्या खिडकीतून बघत होते. भीती मला पहिल्या मिनिटात वाटली, नंतर नाही, कारण बोट हलत नाही, डोलत नाही, ती पन्हळीत बसलेली असते. बाबा मागे नवऱ्याशेजारी उभे. मधोमध एक मोठं बूच आहे, दुरुस्तीला ते उघडतात आणि अख्खं पाणी खाली नदीत सोडतात, ते त्यांना बघायचं होतं पण पाण्याखाली दिसत नाही.

पलीकडे ट्रेव्हरला काटकोनात वळण. मूळ मार्ग सरळ पुढे चेस्टरकडे जायचा होता, तोच तो झाला नाही. वळल्यावर जे सुरू होतं तो खरंतर पाणी आणायला काढलेला पाट, बोटींचा मुख्य रस्ता नव्हे, म्हणून इतका अरुंद आहे की काही ठिकाणी एकच बोट जाते. आम्ही लेकीला आणि मला पुढे चालत पाठवून समोरून कुणी येत नाही ना हे बघून फोनवर कळवायचं ठरवलं, आणि तसंच करावं, नाहीतर मागे घ्यायला लागतं. याच भागात सन बँकजवळ सप्टेंबर १९४५ मध्ये पहाटे काठ फुटला, पाण्याने खालच्या रेल्वेची माती वाहून नेली आणि टपालगाडी त्या खड्ड्यात पडली, इंजिन ड्रायव्हर गेला. आता तिथे काँक्रीट आहे. बाबांनी तिथे हात जोडले. काठ फुटणं त्यांनी त्यांच्या नोकरीत पाहिलंय, त्यावर ते कधी जास्त बोलत नाहीत.

लँगोलेनच्या बेसिनमध्ये बोट बांधून चहा झाल्यावर हॉर्सशू फॉल्सपर्यंत चालत निघालो, तीनेक किलोमीटर. बेसिनच्या पुढे इंजिनच्या बोटींना बंदी, फक्त घोड्याने ओढायच्या बोटी जातात. आणि मग ते दिसलं. धबधबा म्हणतात पण तो बंधारा आहे, टेलफर्डने १८०८ मध्ये बांधलेला, अर्धगोल, १४० मीटर लांब आणि अगदी बुटका. डी नदीचं पाणी तिथे एका बाजूने हळूच कालव्यात शिरतं, म्हणजे हेच कालव्याचं हेडवर्क्स. शेजारी छोटी इमारत आहे जिथे पाणी मोजलं जातं. रोज सुमारे ५ कोटी लिटर.

बाबांना पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, आणि मला या कालव्याची खरी गोष्ट. १९४४ मध्ये कायद्याने हा कालवा सोडून द्यायचं ठरलं होतं, बोटी जवळजवळ नव्हत्याच. असे कित्येक कालवे त्या काळात बुजवले गेले. हा वाचला तो पाण्यामुळे, कारण हेच पाणी पार दुसऱ्या टोकाला हर्ल्स्टनच्या तलावात जातं आणि चेशायरमध्ये लोक ते पितात. म्हणजे आम्ही इतके दिवस पाणीपुरवठा योजनेतूनच प्रवास करत होतो! बाबा बंधाऱ्याच्या काठावर बसून राहिले, आई म्हणाल्या चला आता अंधार होईल, तर म्हणाले, "थांब गं, हेडवर्क्स बघतोय."

गुरुवार, शुक्रवार

परतीचा प्रवास लवकर होतो कारण पाणी आपल्या बाजूने, बोगद्यात तर जाणवण्याइतका फरक. गुरुवारी पहाटे निघून एल्स्मिअरपर्यंत आलो. पॉन्टकसल्टे यावेळी आईंनी डोळे उघडे ठेवून बघितलं आणि फोटोही काढले.

शुक्रवारी ग्रिंडली ब्रुक उतरताना मात्र लक्ष देऊन काम करायचं. उतरताना वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्यावर राहिला तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि बोट बुडू शकते, दरवर्षी कुठे ना कुठे होतं. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहायचं आणि एक माणूस सतत तेवढंच बघत उभा करायचा. आमच्याकडे ते काम बाबांचं. सगळं नीट असेपर्यंत त्यांचा हात खाली, काही वाटलं तर हात वर आणि आम्ही पॅडल टाकायचो, म्हणजे झडप बंद. दोनदा वर झाला, दोन्ही वेळा बोट रेघेपासून लांब होती पण त्यांना अजून लांब हवी होती.

त्या लॉककीपर बाई पुन्हा भेटल्या. बाबांनी त्यांना पिशवीतून दाण्याची चटणी दिली, आणि कशाबरोबर खायची ते हातवारे करून सांगितलं.

शनिवार

मारबरीहून दीड-दोन तास, सकाळी नऊच्या आत बोट परत. सामान गाडीत भरताना पुढच्या वर्षीचं ठरलंसुद्धा, फ्रँकटनला डावीकडे माँटगोमेरी. तिथल्या लॉक्ससाठी आधी बुकिंग करावं लागतं, त्यामुळे कुणी जाणार असाल तर तारखा आधी बघा, आणि शाळेच्या सुट्टीत जात असाल तर बोट जानेवारीतच धरून ठेवा. जमलं तर जून बघा, रांगा कमी असतात आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड.